शाळेची शाकारणी

जुलै महिन्यात वर्तमानपत्रांत हिर्डोशीचं नाव येतं ते पावसाच्या आकड्यांत. नीरा देवघर धरणाच्या पाणलोटात काल किती पडला, शिरगावला किती, हिर्डोशीला किती. पुण्यात सकाळच्या चहाबरोबर ते वाचणारा माणूस धरण किती भरलं असेल याचा अंदाज बांधतो. मी आमच्या वाडीच्या शाळेच्या छपराचा अंदाज बांधतो. दीडशे मिलिमीटर म्हणजे खिडकीकडचा कोपरा गळला असणार. दोनशे म्हणजे पोरं फळ्याच्या भिंतीला पाठ लावून बसली असणार, आणि ज्यांना ओढा ओलांडून यावं लागतं ती आलीच नसणार.

भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाताना नीरेच्या काठाने जी गावं आणि वाड्या लागतात, ते आमचं हिर्डोशी खोरं. जुन्या कागदांत हिरडस मावळ. बांदलांचा आणि बाजीप्रभूंचा मुलूख. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत पडलेली माणसं याच डोंगरांतली, हे आम्हाला शाळेत नाव घालण्याआधीच पाठ असायचं. शाळेची गोष्ट मात्र कुणी आपण होऊन सांगत नसे. ती मी आबांच्या, आजीच्या आणि थोरल्या नानांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने काढून घेतली. बरीचशी पावसाळ्यातल्या संध्याकाळी, चुलीपुढे.

आबा संस्थानच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. गुरुजींचा पगार भोरहून यायचा, पण छप्पर गावाचं. आधी शाळा देवळाच्या पडवीत भरायची, मग देवळामागे कुडाची खोप उभी राहिली. कारवीच्या भिंती, शेणमातीने लिंपलेल्या, वर गवत. दर वैशाखात घरांची शाकारणी उरकली की शाळेची निघायची. गवताचे भारे, बांबूच्या कामट्या, बांधायला वाखाची दोरी. हे सगळं गावातून गोळा व्हायचं, आणि ते कसं गोळा व्हायचं हे आबा फार बारकाईने सांगत.

देवाच्या उत्सवाची वर्गणी उंबऱ्यामागे असे. प्रत्येक घराला सारखी. शाळेचं गवत मात्र औतामागे. ज्याच्या दावणीला बैलांची एक जोडी त्याने इतके भारे, दोन जोड्या असतील त्याने दुप्पट. ज्याला औत नाही त्याला मागायचंच नाही. कुणाची किती पोरं शाळेत जातात याचा या हिशेबाशी संबंध नसे. ज्याला मूलबाळ नाही असा एक दोन औतांचा म्हातारा होता, त्याचे भारे सगळ्यांत जास्त. मी एकदा विचारलं, "आबा, त्याला राग नाही यायचा?"

"राग कशाचा? पाऊस काय पोरं मोजून पडतोय व्हय?"

हे वाक्य मी पुढे बऱ्याच कागदांपुढे बसून आठवलं आहे.

पण त्याच चुलीपुढे आजीने एकदा मधेच तोंड घातलं आणि आबा गप्प झाले. औत नसलेल्यांकडून गवत मागत नसत हे खरं, पण डोंगरावर जाऊन ते कापून कोण आणायचं? महारवाड्यातली माणसं. कामट्या चिरायला, कूड विणायला तीच. आणि शाळा देवळाच्या पडवीत होती तेव्हा त्यांची पोरं पायरीच्या खाली बसायची, उन्हात. पावसाळ्यात त्यांच्यासाठी शाळाच नसे. खोप झाली तेव्हा ती आत आली, तीही दाराशी. आबांनी हे नाकारलं नाही. "आमीबी ल्हान हुतो," एवढंच म्हणाले. औतामागच्या हिशेबाचा मला अभिमान वाटतो, आणि ती पायरी मला त्यातून वगळता येत नाही.

त्या पायरीविषयी आणि त्या हिशेबाविषयी आमच्या डोंगरापलीकडे एका माणसाने आधीच लिहून ठेवलं होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. इंग्रजी मुलखात १८६० च्या दशकापासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी होती. तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी. जोतीरावांचं म्हणणं साधं होतं. तिजोरीत पैसा येतो तो बहुतांश रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्यांच्या पोरांवर. म्हणून या पट्टीचा निदान निम्मा भाग फक्त प्राथमिक शाळांना द्या, बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, खेड्यातल्या मास्तराला बारा रुपयांच्या खाली पगार नको. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्या काळी परीक्षेत किती मुलं उतरली यावर शाळेचं अनुदान ठरे. ही पद्धत गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांत चालणार नाही, असं ते म्हणाले. ज्या शाळेला मुलं टिकवायलाच झगडावं लागतं तिला निकाल दाखव मग पैसे घे, असं कसं म्हणता येईल?

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा त्याच्या खर्चाचा वाटा दरबारच्या खजिन्यातूनही उचलला. कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहासाठी बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. सातारा तर आमच्या खोऱ्यातून फार लांब नाही. तरी या दोघांच्या कामाची वार्ता आबांच्या लहानपणी कानावर आली होती असं मला कधी आढळलं नाही. डोंगर मधे असला की वार्तेलाही वेळ लागतो.

८ मार्च १९४८ ला भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि शाळा बोर्डाची झाली. १९६२ पासून जिल्हा परिषदेची. तरी गवत जाऊन कौलं चढली ती मुंबईच्या पैशातून. गावातले तरणे लोक तोवर मशीद बंदरच्या गोदामांत माथाडीकामाला, काही गिरण्यांत. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांनी गावचं मंडळ काढलं आणि शाळेच्या कौलांसाठी वर्गणी लावली. नाना त्या मंडळाचे खजिनदार. त्यांची निळ्या पुठ्ठ्याची वही मी पाहिली आहे. लग्न न झालेल्याला दोन रुपये, बायकापोरं असलेल्याला एक, त्या महिन्यात घरात आजारपण असेल त्याच्या नावापुढे शून्य, आणि शून्यापुढेही नानांची बरोबरची खूण, म्हणजे हिशेब पुरा. औतं मुंबईत नव्हती. मोजण्याची रीत मात्र गाडीतून बरोबर गेली होती.

माझे वडील पाचवीला भोरला आले. तोवर मुंबई राज्यात ईबीसी सवलत सुरू झाली होती. १९५९ सालची गोष्ट, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाची. घरचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या आत असेल तर फी माफ. ही मर्यादा पुढे वर्षाला १२०० रुपये झाली. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्या बाराशेच्या दाखल्यावर मॅट्रिक झाली, आणि हा कागद ज्यांच्या घरात आला त्यांनी तो विसरू नये असं मला मनापासून वाटतं. पण वडील सांगत, फी ही सगळ्यांत लहान अडचण होती. भोरला राहायचं कुठे? जेवायचं काय? खोऱ्यातली चार पोरं मिळून एका पडवीत राहिली. दर रविवारी कुणाचा तरी बाप नाहीतर चुलता तांदळाचं आणि नाचणीच्या पिठाचं गाठोडं पाठीवर घेऊन उतरायचा. ज्याच्या घरी माणूस रिकामा नाही त्याचं गाठोडं चुकायचं. चारांतल्या एकाचं गाठोडं असंच तीन आठवडे चुकलं आणि तो परत वर गेला. त्याची फी माफच होती.

वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, चौथीतून घरी बसली. तिच्या वेळी शाळेत दुधाची पावडर कालवून द्यायचे, दुष्काळाच्या साली सुकडी यायची. आत्या अजून सुकडीची चव सांगते, डोळे मिटून. तिला शाळेतलं दुसरं फारसं आठवत नाही. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही म्हणून तो कडेवर घेऊनच ती शाळेत जायची. गुरुजींनी नाव कमी केलं नाही, तिचं तीच जायची थांबली.

१९९२ मध्ये सरकारने उपस्थिती भत्ता सुरू केला. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया. वर्षाला जास्तीत जास्त २२०. हजेरी मात्र ७५ टक्के हवी. त्या वेळी रुपयाला किंमत होती आणि कल्पनाही चांगली होती. मुलगी शाळेत गेली तर घरचं एक काम अडतं, त्याची थोडी भरपाई. पण आमच्या खोऱ्यात आवणीचे दिवस म्हणजे अर्धा आषाढ. गुडघाभर चिखलात रोपं लावायला लहानमोठा प्रत्येक हात लागतो. ज्या घराला मजूर लावायला पैसे नाहीत त्या घरची मुलगी आवणीला जाते. त्यात ओढे. सगळं मिळून पावसाळ्यात हजेरी पडायची आणि वर्षाअखेर टक्का सत्तरच्या आसपास अडकायचा. मुलगी जितकी गरीब घरची, तितका तिच्या हातून रुपया सुटायचा. गावात दुकान असलेल्याच्या मुलीची हजेरी शंभर टक्के, तिला तो भत्ता लागूच नव्हता. जोतीरावांनी हंटरला सांगितलेलं, एकशेदहा वर्षांनी, आमच्या वाडीत असं हजेरीपटावर मांडलेलं होतं. आणि तीस वर्षांनंतरही तो रुपया रुपयाच होता.

१९९५ पासून महिन्याला ३ किलो तांदूळ मिळू लागला, त्यालाही ८० टक्के हजेरीची अट. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात शिजवलेलं जेवण द्या असं सांगितलं आणि ही अट आपोआप गळून पडली. जो आला तो जेवला. खिचडी शिजायला लागली तेव्हा आमच्याकडच्या कातकरी पोरांचं शाळेत येणं खरोखर वाढलं. कोळशाच्या भट्ट्यांवर आईबाप जातात तेव्हा पोरं मागे ठेवायला जागा मिळाली.

आणि वस्तीशाळा! माझ्या मते या सगळ्या वर्षांत आमच्या डोंगराला सर्वांत नेमकी लागू पडलेली गोष्ट तीच. २००० च्या सुमारास ती आली. जिथे जवळपास शाळा नाही आणि पंधरा-वीस मुलं आहेत अशा वस्तीवर तिथलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी शिक्षक. मानधन महिन्याला १००० रुपये. आमच्या वरच्या धनगरवाड्यावर ती माझ्या चुलत वहिनीने चालवली, गोठ्याच्या पडवीत. खडू संपला की ती चुलीतला कोळसा वापरायची. पण पोराला ओढा ओलांडावा लागत नव्हता, आणि आवणीच्या दिवसांत ती शाळा दुपारी चारला भरवायची, कारण ती स्वतःही सकाळी आवणीला असायची. शाळेची वेळ शेताच्या वेळेला जुळवण्याचा अधिकार तिने कुणाला विचारून घेतला नव्हता. निमशिक्षक म्हणवून घेत तिने आणि तिच्यासारख्यांनी जी वर्षं काढली त्यांची किंमत फार उशिरा झाली. २०१४ साली त्यांना नियमित सेवेत घेतलं.

तोवर खोऱ्यात धरण झालं होतं. भोरला धरण नवं नाही. वेळवंडीवरचं भाटघर १९२८ पासून उभं आहे, साडेतेवीस टीएमसीचं. नीरा देवघर पावणेबारा टीएमसीचं. नदीकाठची भाताची खाचरं पाण्याखाली गेली आणि बरीच घरं लाभक्षेत्रात, खाली, उसाच्या मुलखात उठून गेली. वर राहिले ते डोंगरउताराचे. शाळेच्या पटावरची निम्मी नावं दोन वर्षांत गेली. नंतर पुण्याच्या कंपन्यांनी आणखी काही नेली. ज्या शाळेत माझ्या वेळी साठ मुलं होती तिथे आज नऊ आहेत.

आणि आता पैसा पटावर येतो. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाला एक संयुक्त अनुदान मिळतं. पट तीसपर्यंत असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, त्याच्या वर ७५ हजार, हजाराच्या वर एक लाख. खडू, रजिस्टर, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच, आणि निदान दहा टक्के स्वच्छतेवर. शहराजवळच्या तीनशे मुलांच्या शाळेला ७५ हजार मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही, तिलाही ते कमीच पडत असतील. पण नऊ मुलांच्या शाळेचं छप्पर तीनशे मुलांच्या शाळेपेक्षा कमी भिजत नाही. उलट आमच्याकडे एका आठवड्यात जितका कोसळतो तितका बारामतीकडे अख्ख्या वर्षात पडत नाही. पाऊस काय पोरं मोजून पडतोय?

माणशी पैसा देतानाही असंच घडतं. २०१७ साली गणवेशाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं. दोन गणवेशांचे ४०० रुपये, आई आणि मुलाच्या जोडखात्यात. माझी एक भाची खातं उघडायला भोरला तीनदा गेली. पहिल्यांदा आधारवरचं नाव जुळेना, दुसऱ्यांदा मशीन बंद. एसटीचं भाडं आणि तीन दिवसांची बुडालेली मजुरी धरली तर चारशे रुपये आधीच खर्च झाले होते. मुलाने ते वर्ष जुन्या शर्टवर काढलं. शाळेने त्याला काही म्हटलं नाही, पण पंधरा ऑगस्टला तो रांगेच्या मागे उभा राहिला, हे ती अजून सांगते.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ मुलं. त्या जवळच्या मोठ्या शाळेत आणायच्या. नमुना म्हणून नाव घेतलं गेलं ते आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातल्या पानशेतचं. पानशेतची शाळा चांगली आहे. इमारत, प्रयोगशाळा, मुलांना ने-आण करायला गाडी. चार-पाच मुलांनी एकट्या मास्तरापुढे बसण्यापेक्षा बरोबरीची मुलं मिळणं ही मोठी गोष्ट आहे, हे मी स्वतःच्या पोरांवरून जाणतो. पण गाडीला रस्ता लागतो. वरंध्याचा रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो, वाड्यांच्या पायवाटांना तर बंद पडायलाही रस्ता नाही. सहा वर्षांच्या मुलीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतच लिहिलं आहे. आमच्याकडचा एक किलोमीटर कागदावर एक, पायांत तीन.

दुसरीकडे लोकांनी हा हिशेब वेगळा करून पाहिलेला आहे. नेदरलँड्समध्ये १९८५ पासून कमी शिकलेल्या आईबापांचं मूल शाळेच्या पैशासाठी सव्वा मूल म्हणून मोजायला लागले, आणि बाहेरून आलेल्या अशा घरातलं असेल तर १.९, म्हणजे जवळजवळ दोन. इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब घरच्या प्रत्येक मुलामागे शाळेला जादा रक्कम मिळते, शिवाय विरळ वस्तीतल्या लहान शाळांचा घटक अनुदानाच्या सूत्रात वेगळा धरलेला आहे. हे वाचताना मला नानांची निळी वही डोळ्यांपुढे आली. कुणाला दोन, कुणाला एक, कुणाला शून्य. आपल्याकडे पावसाचा आकडा रोज मोजला जातो, गावोगावची यंत्रं त्यासाठी आहेत. शाळेचं अंतर मोजलेलं आहे, उंची मोजलेली आहे. हे आकडे त्या दहा हजारांच्या कोष्टकात यायला कुठली अडचण आहे, ते मला कळत नाही, आणि जिथे जमेल तिथे मी हे विचारत राहणार आहे.

यंदा मेच्या शेवटी मी वाडीला गेलो होतो. मुंबईच्या मंडळाने पत्र्यासाठी पैसे पाठवले होते, नानांच्या नातवाने. तो आता हिशेब मोबाईलवर ठेवतो. गुरुजी दुसऱ्या तालुक्यातले, दोन वर्षांपूर्वी आलेले, एकटेच चार इयत्ता सांभाळतात. आम्ही शिडी धरली, ते वर चढून पत्र्याचे नट आवळत होते. खाली उतरल्यावर त्यांनी मला गेल्या वर्षीचा हजेरीपट दाखवला. नावापुढे त्यांनी पेन्सिलने एक जादा रकाना आखला होता, सरकारी नमुन्यात नसलेला. वर लिहिलं होतं : ओढे. प्रत्येक मुलाला शाळेत यायला किती ओढे ओलांडावे लागतात त्याचा आकडा. बहुतेकांपुढे शून्य किंवा एक. तिसरीतल्या एका मुलीपुढे तीन.

मी जुलैचं पान उघडून तिची ओळ शोधली. चोवीस तारखेपर्यंत गैरहजेरीच्या खुणा होत्या. पंचवीसला ती आली होती, आणि त्या चौकोनात गुरुजींनी हजेरीच्या खुणेशेजारी बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, "चुलता खांद्यावर घेऊन आला."